घरबसल्या पीएच.डी.? नाशिकमध्ये राहून हा निर्णय कसा घ्यावा

मागच्या दिवाळीनंतर माझ्या एका जुन्या विद्यार्थिनीचा फोन आला. पाथर्डी फाट्याजवळच्या एका शाळेत ती शिकवते. मुलगी बालवाडीत आहे. आवाजात आनंद मावत नव्हता. “मॅडम, पीएच.डी.ला नाव घातलं! ऑनलाइन आहे. दीड वर्षात होते म्हणाले, घरबसल्या.” मी विचारलं, विद्यापीठ कोणतं? तिने परदेशी वाटणारं एक नाव सांगितलं. गाइड कोण? “ते नंतर देणार आहेत.” विषय? “तोही तेच देणार आहेत.” पैसे किती भरलेस? इथे ती जरा थांबली. नोंदणीचे पंचवीस हजार भरून झाले होते आणि पुढचा हप्ता जानेवारीत होता.

संध्याकाळी ती घरी आली. मोबाइलवरची पावती आम्ही दोघींनी मोठी करून वाचली. पावतीवर विद्यापीठाचं नाव कुठेच नव्हतं, एका कन्सल्टन्सीचं होतं, आणि खाली बारीक अक्षरांत ‘भरलेलं शुल्क परत मिळणार नाही’. ते पंचवीस हजार गेले. पुढचे हप्ते वाचले.

त्या दिवशी तिला जे सांगितलं, तेच इथे नीट क्रमाने लिहिते आहे. मी स्वतः नोकरी सांभाळून, नाशिकमध्ये राहून पीएच.डी. केली. सहा वर्षं लागली. नोकरी करणारे, घर सांभाळणारे, तालुक्याच्या गावी राहणारे कितीतरी जण ‘ऑनलाइन होईल का’ या एका प्रश्नावर अडकलेले असतात. तिथूनच सुरुवात करू.

पहिली पायरी: नियम काय म्हणतो ते आधी वाचा

भारतात ऑनलाइन किंवा दूरशिक्षणाने पीएच.डी. करता येत नाही. विद्यापीठ अनुदान आयोगाने, म्हणजे यूजीसीने, ७ नोव्हेंबर २०२२ रोजी पीएच.डी.चे नवे विनियम राजपत्रात प्रसिद्ध केले. कोणत्याही उच्च शिक्षण संस्थेने दूरस्थ किंवा ऑनलाइन पद्धतीने पीएच.डी. चालवू नये, असं त्यांत स्पष्ट लिहिलं आहे. त्याच्या थोडं आधी, ऑक्टोबर २०२२ मध्ये, यूजीसी आणि एआयसीटीई (तंत्रशिक्षणाची अखिल भारतीय परिषद) यांनी मिळून जाहीर सूचना काढली होती: एडटेक, म्हणजे ऑनलाइन शिक्षण विकणाऱ्या कंपन्या परदेशी संस्थांशी हातमिळवणी करून ज्या ऑनलाइन पीएच.डी. विकतात, त्यांना मान्यता नाही.

गोंधळ का होतो तेही सांगते. बी.ए., एम.ए., एम.बी.ए. ऑनलाइन करायला यूजीसी परवानगी देते. मान्यताप्राप्त विद्यापीठाने रीतसर परवानगी घेऊन चालवलेला असा अभ्यासक्रम नेहमीच्या पदवीइतकाच चालतो. मग लोकांना वाटतं, एम.ए. घरून झालं तर पुढचंही होईल. आपल्या नाशिकमध्ये तर हा समज आणखी पक्का आहे, कारण यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ इथेच आहे, गोवर्धनला. १९८९ पासून या विद्यापीठाने किती घरांत पहिली पदवी नेली, ते आपण डोळ्यांनी पाहिलं आहे. पण पीएच.डी.चा नियम मुक्त विद्यापीठांनाही तोच आहे. इग्नूची पीएच.डी.सुद्धा पूर्णवेळ किंवा अर्धवेळ असते, पत्राने किंवा पडद्यावरून होत नाही.

दुसरी बाजूही लक्षात ठेवा. तुमचं एम.ए. किंवा एम.कॉम. ‘मुक्त’मधून झालं असेल, तर केवळ त्या कारणाने पीएच.डी.चं दार बंद होत नाही. अभ्यासक्रमाला मान्यता आणि गुण पुरेसे, एवढंच पाहिलं जातं. या एका भीतीपोटी पाऊल मागे घेतलेल्या दोन हुशार बायका मला माहीत आहेत, म्हणून मुद्दाम लिहिते.

ऑनलाइनला पर्याय आहे, आणि तो कायदेशीर आहे: अर्धवेळ, म्हणजे पार्ट-टाइम पीएच.डी. २०२२ च्या विनियमांत ती परवानगी सरळ दिलेली आहे. नोकरी करत, आपल्या गावात राहत हे काम होतं. इथून पुढे मी ‘ऑनलाइन की नाही’ हा प्रश्न बाजूला ठेवते आणि ‘आपल्याला जमेल का, आणि करायची का’ याकडे येते.

दुसरी पायरी: कशासाठी हवी, हे एका ओळीत लिहा

कागद घ्या आणि खरंच लिहा. उत्तरावर पुढचं सगळं अवलंबून आहे.

‘कॉलेजात प्राध्यापक व्हायचंय’ असं लिहिलंत, तर थांबा. सहायक प्राध्यापक पदासाठी पीएच.डी. बंधनकारक नाही. १ जुलै २०२३ पासून नेट (देशपातळीवरची पात्रता परीक्षा), सेट किंवा स्लेट (राज्यपातळीवरची) ही किमान अट आहे आणि पीएच.डी. ऐच्छिक आहे. महाराष्ट्रातली सेट परीक्षा सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठच घेतं. म्हणजे ज्या मुलाचं एम.ए. नुकतंच झालंय, त्याने सहा वर्षांच्या कामाला हात घालण्याआधी सेटची दोन वर्षं नेटाने तयारी करणं जास्त शहाणपणाचं. पुढे सहयोगी प्राध्यापक व्हायचं तर पीएच.डी. लागतेच. पण तोवर पगार सुरू असेल, ग्रंथालय हाताशी असेल, आणि गाइड शेजारच्या खोलीत बसत असेल.

‘शाळेत बढतीसाठी’ असं लिहिलंत, तर आधी आपल्या संस्थेत आणि शिक्षण विभागात विचारा की पीएच.डी.मुळे नेमका काय फरक पडतो. लेखी उत्तर मागा. स्टाफरूममधल्या ऐकीव माहितीवर सहा वर्षं लावू नका.

सातपूर-अंबडच्या कारखान्यात किंवा आयटीत नोकरी असेल आणि पगारवाढीसाठी पीएच.डी. हवी असेल, तर आपल्याच क्षेत्रातल्या पाच जागांच्या जाहिराती काढून वाचा. संशोधन विभागाच्या जागा सोडल्या तर बहुतेक ठिकाणी अनुभव आणि कौशल्यच मागितलेलं दिसेल.

‘नावापुढे डॉ. लागावं’ हेही कारण असतं. त्यात लाजण्यासारखं काही नाही. ज्या घरात आजी अंगठा उठवायची, त्या घरातल्या नातीने दारावर ‘डॉ.’ लावणं ही मोठी गोष्ट आहे, आणि मी ती मोठीच मानते. पण एवढं एकच कारण असेल तर तिसऱ्या वर्षी माणूस दमतो. सोबत एखादा प्रश्न लागतो, जो तुम्हाला आधीपासून छळतो आहे.

तो प्रश्न नाशिककरांना लांब शोधावा लागत नाही. द्राक्षबागांवरची मजूर कुटुंबं, गोदावरीचं पाणी, देवळालीच्या छावणीचा इतिहास, येवल्याचे पैठणी विणकर, सुरगाणा-पेठच्या कोकणा बोलीतल्या गोष्टी, सिंहस्थाच्या वर्षात शहराचं बदलणारं अर्थकारण. यातल्या प्रत्येकात एकेका प्रबंधाचं काम आहे. नाशिकमध्ये राहणाऱ्या माणसाला ते एसटीने जाऊन-येऊन करता येतं.

तिसरी पायरी: वेळेचा हिशेब भिंतीवर लावा

विनियमांप्रमाणे पीएच.डी.ला कोर्सवर्क, म्हणजे सुरुवातीचे वर्ग आणि त्यांच्या परीक्षा, धरून कमीत कमी तीन वर्षं लागतात आणि जास्तीत जास्त सहा. पुनर्नोंदणी करून आणखी दोन मिळू शकतात, म्हणजे एकूण आठ. स्त्रियांना आणि ४० टक्क्यांहून अधिक अपंगत्व असणाऱ्यांना त्यावर आणखी दोन वर्षांची सवलत मिळू शकते, म्हणजे दहा. याशिवाय संपूर्ण काळात मिळून प्रसूती आणि बालसंगोपनासाठी २४० दिवसांपर्यंत रजा मिळू शकते. आणि लग्नामुळे किंवा अन्य कारणाने गाव बदलावं लागलं, तर मुलीला आपलं संशोधन दुसऱ्या संस्थेत नेता येतं. ही शेवटची तरतूद फार कमी जणींना माहीत असते. सासरी कुणी म्हणालं, ‘आता सगळं पहिल्यापासून’, तर हे त्यांना वाचून दाखवा.

‘दीड वर्षात’ असं जिथे लिहिलेलं दिसेल, तिथे पुढचं वाचायची गरजच नाही. तीन वर्षांच्या आत भारतात पीएच.डी. होत नाही.

आता आपला आठवडा. मी आठवड्याला दहा तास धरले होते: रोज पहाटे एक तास आणि रविवारी चार. वर्षाचे ४८ आठवडे धरले, कारण दिवाळी, लग्नसराई आणि आजारपणं कुणाला चुकत नाहीत. ४८ गुणिले दहा म्हणजे ४८० तास, सहा वर्षांत २८८० तास. घरातली माणसं आणि कॉलेजच्या परीक्षा यांतून हे तास काढायचे असतात. स्वयंपाकघराच्या दारामागे मी दिनदर्शिका लावली होती आणि झालेल्या तासांचा आकडा रोज त्या चौकोनात लिहायचे. रिकामे चौकोन सलग पाच दिसले की सासूबाईच विचारायच्या, “का गं, बरं नाही का?” घरातल्या माणसांना हा हिशेब दिसत राहिला, हे फार उपयोगी पडलं.

नाव नोंदवण्याआधी तीन महिने हे करून बघा. विषय ठरला नसला तरी चालेल, नुसतं वाचन करा. तीन महिने दर आठवड्याला दहा तास निघाले, तर पुढे जा. निघाले नाहीत, तर मुलं थोडी मोठी होईपर्यंत किंवा बदली होईपर्यंत थांबा. पीएच.डी.ला वयाची अट नाही.

चौथी पायरी: पात्रता आणि प्रवेश

इथे फार गुंतागुंत नाही. दोन वर्षांचं पदव्युत्तर शिक्षण ५५ टक्क्यांनी झालेलं असावं. चार वर्षांची पदवी असेल तर ७५ टक्के. अनुसूचित जाती, जमाती, नॉन-क्रीमीलेअर ओबीसी, दिव्यांग आणि आर्थिक दुर्बल घटकांना पाच टक्के सूट आहे.

प्रवेशाच्या दोन वाटा आहेत. एक नेट, जी वर्षातून दोनदा होते. २०२४ पासून नेटच्या निकालात तीन गट असतात. पहिल्या गटाला जेआरएफ, म्हणजे पूर्णवेळ संशोधनासाठी दरमहा अधिछात्रवृत्ती मिळते; ती मिळाली तर उत्तमच. त्याखालच्या दोन गटांतल्यांनाही प्रवेश मिळू शकतो: परीक्षेच्या गुणांना ७० टक्के आणि मुलाखतीला ३० टक्के महत्त्व देऊन. हे गुण प्रवेशासाठी एक वर्ष चालतात. दुसरी वाट विद्यापीठाची स्वतःची प्रवेश परीक्षा, जिला आपल्याकडे सगळे ‘पेट’ म्हणतात. तिच्यात अर्धे प्रश्न संशोधन पद्धतीचे आणि अर्धे विषयाचे असतात. पेटची जाहिरात ठरलेल्या महिन्यात येईलच असं धरून बसू नका. विद्यापीठाचं संकेतस्थळ दर पंधरा दिवसांनी स्वतः उघडून बघा.

नाशिक जिल्हा सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाच्या कार्यक्षेत्रात येतो, आणि याचा फायदा असा की सगळ्या कामांसाठी पुण्याला जावं लागत नाही. केटीएचएम, एचपीटी-आरवायके, बीवायके यांसारख्या इथल्या महाविद्यालयांत विद्यापीठमान्य संशोधन केंद्रं आहेत. तुमच्या विषयाचं केंद्र कुठे आहे ते विद्यापीठाच्या यादीत बघा. डॉक्टर, नर्सिंग, आयुर्वेदवाल्यांची वाट वेगळी आहे. त्यांनी म्हसरूळच्या महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठात चौकशी करावी.

पाचवी पायरी: गाइड. इथे घाई करू नका.

विद्यापीठ कोणतं, विषय कोणता, फी किती या सगळ्यांपेक्षा गाइड कोण हे महत्त्वाचं आहे. ऑनलाइन विकल्या जाणाऱ्या पीएच.डी.त नेमका गाइडच नसतो. म्हणून ही पायरी मी जास्त सविस्तर सांगते.

माझा विषय कांदा साठवणुकीचा होता. निफाड आणि चांदवड तालुक्यांतले शेतकरी उन्हाळ कांदा चाळीत किती दिवस ठेवतात आणि कधी काढतात, हे मला समजून घ्यायचं होतं. पहिली प्रश्नावली मी घरी बसून अकरा पानांची केली. भाव, आवक, निर्यात, सगळं तिच्यात होतं. मे महिन्यात विंचूरच्या पुढे एका वस्तीवर गेले. चाळ नुकतीच भरून झाली होती, हवा खेळावी म्हणून दोन्ही बाजूंनी पट्ट्यांमध्ये फटी ठेवलेल्या, आणि त्या फटींतून कांद्याचा वास अंगणात येत होता. काकांनी खाटेवर बसवलं, चहा दिला आणि चौथ्या पानापर्यंत शांतपणे उत्तरं दिली. मग म्हणाले, “ताई, तुम्ही सगळं भावाचं विचारताय. पण मी चाळ भाव बघून उघडत नाही. खताच्या दुकानदाराची उधारी कधी फेडायची ते बघून उघडतो.”

उधारीचा एकही प्रश्न माझ्या अकरा पानांत नव्हता.

सोमवारी कॉलेज सुटल्यावर गाइड सरांच्या खोलीत गेले. त्यांनी ऐकलं, प्रश्नावली उलटी केली आणि कोऱ्या बाजूवर लाल पेनने एवढंच लिहिलं: ‘देणी. कुणाची, किती, कधी.’ मग म्हणाले, “आता ही अकरा पानं बाजूला ठेवा. चार पानांत बसवा.” माझं तिसरं प्रकरण त्या चार शब्दांतून उभं राहिलं. असा माणूस समोर हवा, जो तुमचा कागद उलटा करतो.

गाइड शोधताना काय बघायचं, ते सांगते.

विद्यापीठाच्या यादीत त्यांचं नाव मान्यताप्राप्त मार्गदर्शक म्हणून आहे का, हे आधी बघा. मग जागा. एका वेळी प्राध्यापकाला आठ, सहयोगी प्राध्यापकाला सहा आणि सहायक प्राध्यापकाला चार संशोधक घेता येतात. जागा भरलेल्या असतील तर कितीही ओळख असली तरी उपयोग नाही, आणि ‘तुमचं नाव तात्पुरतं दुसऱ्याकडे लावून देतो’ असं कुणी म्हणालं तर नम्रपणे उठून या. निवृत्तीला तीन वर्षांपेक्षा कमी काळ राहिलेल्या गाइडला नवा संशोधक घेता येत नाही, म्हणून तेही विचारा.

त्यानंतर शोधगंगा उघडा. गांधीनगरच्या इन्फ्लिबनेट केंद्राचा हा प्रबंधांचा साठा कुणालाही फुकट वाचता येतो. त्या गाइडच्या हाताखाली झालेले दोन-तीन प्रबंध शोधा. नोंदणी कधी आणि सादर कधी, हे बघा. ऋणनिर्देश वाचा. विद्यार्थ्याने गाइडविषयी दोन ओळी उरकल्या आहेत की एखादा प्रसंग आठवून लिहिलंय, हे लगेच कळतं. एक प्रकरण पूर्ण वाचा. आपल्याला असं काम करावंसं वाटतं का, हे त्यावरून ठरेल.

शेवटी त्यांच्या आत्ताच्या एका विद्यार्थ्याला गाठा आणि चहा पाजून एकच विचारा: दिलेलं प्रकरण वाचून किती दिवसांत परत मिळतं? पंधरा दिवस, महिना, चांगलं. ‘अजून दिलं नाही’ असं वर्षानंतरही ऐकू आलं, तर दुसरं दार बघा. गाइडची खाजगी कामं करावी लागतात का, तेही संकोच न करता विचारा. माझ्या ओळखीच्या एकीची दोन वर्षं त्यात गेली, आणि ती आजही त्याबद्दल बोलताना रडते.

सहावी पायरी: नोकरीवाल्यांची एनओसी

अर्धवेळ पीएच.डी.ला नोकरीच्या ठिकाणचं ना-हरकत पत्र लागतं. त्यात तीन गोष्टी असाव्या लागतात: अर्धवेळ शिकायला परवानगी आहे, कामातून संशोधनाला पुरेसा वेळ मिळेल, आणि गरज पडल्यास कोर्सवर्कसाठी मोकळीक दिली जाईल. तिसरं वाक्य गाळून पत्र देण्याकडे संस्थांचा कल असतो, आणि पुढे सगळं अडतं ते तिथेच. कोर्सवर्क १२ ते १६ क्रेडिटचं असतं, त्यात ५५ टक्के मिळवावे लागतात आणि हजेरी लागते. मुख्याध्यापकांकडे किंवा एचआरकडे जाताना मसुदा स्वतः टाइप करून न्या. जूनच्या गडबडीत जाऊ नका.

यात ऑनलाइन काय होतं?

पुष्कळ होतं, आणि ते वापरलंच पाहिजे. यूजीसी कोर्सवर्कचा काही भाग ऑनलाइन अभ्यासक्रमांतून ठरवू शकते. शेवटची व्हायवा, म्हणजे तोंडी परीक्षासुद्धा ऑनलाइन घेता येते. संदर्भ वाचन तर बहुतेक घरूनच. १ जानेवारी २०२५ पासून ‘वन नेशन वन सबस्क्रिप्शन’ योजना सुरू झाली आहे. तिच्यातून सरकारी उच्च शिक्षण आणि संशोधन संस्थांतल्या लोकांना तेरा हजारांहून अधिक नियतकालिकं वाचता येतात. तुमची संस्था त्यात येते का, हे ग्रंथपालांना विचारा. जुन्या मराठी संदर्भांसाठी मात्र पाय झिजवावेच लागतील. सार्वजनिक वाचनालय १८४० पासूनचं आहे, तिथली दुपार कधी फुकट गेली नाही.

दर सत्रात संशोधन सल्लागार समितीपुढे उभं राहून काय केलं ते सांगायचं असतं. ते टाळता येत नाही, आणि टाळूही नये. पहिल्या वेळी माझे पाय लटपटत होते. चौथ्या वेळी समितीतल्या मॅडमनी विचारलेल्या प्रश्नाने माझं एक प्रकरण वाचवलं.

पुण्याच्या फेऱ्या धरून चला. मी वहीत लिहून ठेवल्या होत्या, सहा वर्षांत २३ झाल्या. काही विद्यापीठात कागद द्यायला, बऱ्याचशा गोखले इन्स्टिट्यूटच्या ग्रंथालयासाठी. सिन्नर, संगमनेर, आळेफाटा, नारायणगाव करत चाकणला अडकायचं, म्हणजे अख्खा दिवस जातो. एका फेरीत तीन कामं बसवायला शिका.

जाहिरात आली की काय तपासाल

‘विषय आम्ही देऊ’, ‘थिसिस लिहून मिळेल’, ‘प्रवेश परीक्षा नाही’, ‘पेपर छापून देऊ’. यातलं एक जरी वाक्य दिसलं, तरी पैसे भरू नका.

पदवी कोण देणार, हे विद्यापीठाचं पूर्ण नाव मागून घ्या. यूजीसी कायदा १९५६ च्या कलम २२ नुसार पदवी देण्याचा अधिकार कायद्याने स्थापन झालेल्या विद्यापीठांना, अभिमत संस्थांना आणि संसदेने खास अधिकार दिलेल्या संस्थांनाच आहे. कन्सल्टन्सीला, ट्रस्टला, अकादमीला नाही. यूजीसीच्या संकेतस्थळावर मान्य विद्यापीठांची यादी आहे आणि बनावट विद्यापीठांचीही आहे. दोन्ही बघा. मान्य विद्यापीठ आहे म्हणून लगेच निश्चिंत होऊ नका. जानेवारी २०२५ मध्ये यूजीसीने राजस्थानातल्या तीन खाजगी विद्यापीठांना पीएच.डी.चे नियम न पाळल्याबद्दल पाच वर्षं नवे प्रवेश द्यायला मनाई केली. म्हणजे नावाबरोबर त्या विद्यापीठाविषयीच्या ताज्या सूचनाही वाचायच्या.

लिहून मिळालेल्या थिसिसचं काय होतं, तेही ऐका. २०१८ च्या विनियमांनुसार वाङ्मयचौर्याची पातळी ठरते. दहा टक्क्यांपर्यंत साम्य चालतं. १० ते ४० टक्के असेल तर ठरलेल्या मुदतीत प्रबंध सुधारून द्यावा लागतो. ४० ते ६० टक्के असेल तर एक वर्ष सादरच करता येत नाही. त्याहून अधिक असेल तर नोंदणी रद्द. शिवाय प्रबंध शोधगंगावर कायमचा राहतो. दहा वर्षांनीही कुणी उघडून बघू शकतं.

मानद डॉक्टरेटचे सोहळेही हल्ली वाढले आहेत. कुठल्यातरी हॉलमध्ये गाऊन घालून फोटो, आणि त्यासाठी हजारो रुपये. ती पीएच.डी. नव्हे. ती दाखवून नोकरीत काही मागितलंत तर अडचणीत याल.

परदेशी विद्यापीठाचं दुरून करायचं असेल तर

ब्रिटन-अमेरिकेत काही चांगली, मान्यताप्राप्त विद्यापीठं दुरून डॉक्टरेट करू देतात, हे खरं आहे. तिथे खरा गाइड असतो, कठोर तपासणी असते. तुम्ही तिकडे स्थायिक होणार असाल, किंवा तुमची कंपनी ती मानते असं तिने लेखी दिलं असेल, तर विचार करायला हरकत नाही. मात्र तीच पदवी घेऊन नाशिकच्या कॉलेजात अर्ज करायचा असेल, तर ती इथे समकक्ष मानली जाईल का, हे पैसे भरण्याआधी यूजीसीच्या २०२५ च्या समकक्षता विनियमांत बघा. फ्रँचायझी पद्धतीने, म्हणजे विद्यापीठाच्या नावाने दुसऱ्याच संस्थेने चालवलेल्या अभ्यासक्रमातून घेतलेल्या पदव्या त्यात बसत नाहीत. व्यवस्थापकांना विकली जाणारी डीबीए (डॉक्टर ऑफ बिझनेस अ‍ॅडमिनिस्ट्रेशन) ही वेगळी पदवी आहे, हेही लक्षात असू द्या.

पैशाचं थोडक्यात

पूर्णवेळ करू शकत असाल आणि जेआरएफ मिळाली, तर १ जानेवारी २०२३ पासून महिना ३७,००० रुपये मिळतात, पुढे सीनिअर फेलोशिपमध्ये ४२,०००. बार्टी, सारथी, महाज्योती या राज्य सरकारच्या संस्थांच्या अधिछात्रवृत्त्याही आहेत, त्यांच्या जाहिरातींवर लक्ष ठेवा. जेआरएफ अर्धवेळ करणाऱ्यांना मिळत नाही. आपल्याला फी, प्रवास, छपाई, बाइंडिंग हे खिशातूनच करायचं असतं. दर महिन्याला थोडी रक्कम वेगळ्या खात्यात टाकत राहिलात, तर सादर करायच्या वर्षी धावपळ होत नाही.

या आठवड्यात काय कराल

शोधगंगावर आपल्या विषयातले तीन प्रबंध शोधा आणि प्रत्येकाचं पहिलं प्रकरण वाचा. मग दोन पानं हाताने लिहा: मला काय शोधायचंय, ते का महत्त्वाचं आहे, माहिती कुठून आणणार. आपल्या मराठीत, साध्या वाक्यांत.

ती दोन पानं घेऊन जवळच्या संशोधन केंद्रात जा. दुपारी तीननंतर गेलात तर तासिका संपलेल्या असतात. शिपाईकाकांना विचारून विभागप्रमुखांना भेटा आणि म्हणा, “सर, मला पीएच.डी. करायची आहे, पण त्याआधी हे दोन पानांचं तुम्ही वाचाल का?” बरेच जण वाचतात. जे वाचतात आणि पेन काढतात, त्यांचं नाव लिहून ठेवा.

माझी ती विद्यार्थिनी फेब्रुवारीत अशीच एका केंद्रात गेली. विषय तिने स्वतःच निवडला: गोदाकाठच्या वाड्यांतल्या भाडेकरू बायकांची घरं. दोन पानांवर सरांनी नऊ खुणा केल्या आहेत. सध्या ती त्या नऊ खुणांची उत्तरं शोधते आहे, आणि पेटचा अभ्यास रात्री मुलगी झोपल्यावर करते.